पुढून बसलेली मटीझ

तोजिमत उस्तांची मटीझ लांबून येताना दिसली, की वाटतं हिचं काहीतरी रस्त्यात पडलंय आणि ती ते शोधत येतेय. नाक जमिनीला, मागची बाजू आभाळात. ताश्कंदपल्याडच्या आमच्या शहरिखान गावात पांढऱ्या मटीझा इतक्या, की लग्नघराबाहेर आपली कुठली हे कळायला चार दारांना किल्ली लावून पाहावी लागते. उस्तांची मात्र आंधळ्यालाही ओळखता येते. प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिचं बंपर खर्रकन घासतं आणि त्यापाठोपाठ उस्तांचा आवाज येतो, "माफ कर गं बाई." हे ते गाडीला म्हणतात की स्पीडब्रेकरला, हे सव्वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही मला विचारता आलेलं नाही.

आमच्या गल्लीपासून बाजारापर्यंत असे सात स्पीडब्रेकर आहेत. दर शुक्रवारी आम्ही दोघं बाजाराला जातो. उस्ता डावीकडे स्टिअरिंगवर, मी उजवीकडे, मांडीवर पिशव्या. स्पीडब्रेकर आला की उस्ता गाडी थांबवतात आणि समोर बघत म्हणतात, "मास्तर."

मी उतरतो. माझं वजन कमी झालं की गाडी दोन बोटं वर येते, तिरकी तिरकी होत तो उंचवटा पार करते, आणि पलीकडे जाऊन माझी वाट बघत उभी राहते. मी चालत जाऊन पुन्हा बसतो. जाताना सात वेळा, येताना सात वेळा. तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, पण गावातली लहान मुलं मला ओळखतात ती 'गाडीतून उतरणारे आजोबा' म्हणून.

उस्ता म्हणजे आमच्याकडे कसबी कारागीर; आमचे हे उस्ता सुऱ्या करतात. आमचं अर्धं गाव सुऱ्या करतं आणि उरलेलं अर्धं त्या सुऱ्यांनी पुलावाची गाजरं चिरतं. गाडीची मोडलेली स्प्रिंग, झिजलेला व्हॉल्व्ह असलं काही आमच्याकडे भंगारात जात नाही; ते बाजारातल्या सुरीवाल्यांच्या ओळीत जातं आणि पातं होऊन बाहेर येतं. उस्तांच्या पात्याच्या मुठीजवळ त्यांचा ठसा असतो, चंद्रकोर आणि डाळिंबाचं फूल. त्रेसष्ट वर्षांचे, उंच, हाडं मोजून घ्यावीत असे. मटीझमध्ये बसले की गुडघे कानाशी येतात, आणि गाडी पुढे झुकलेली असल्यामुळे बसलेले असूनही कायम 'चला, निघतो आता' म्हणत उठल्यासारखे दिसतात.

ही गाडी मुळात उस्तांनी घेतली ती इलियोरसाठी. इलियोर त्यांचा एकुलता एक मुलगा. तीन मुलींनंतर झालेला, त्यामुळे घरात त्याचा शब्द खाली पडत नसे. आणि पडलाच तर त्याची आई मुयस्सर वहिनी तो उचलून, झटकून, पुन्हा नवऱ्यापुढे ठेवत. गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो बापाला म्हणाला, "दादा, गाडी बसवायचीय."

"कुठे बसवायचीय? उभीच बरी आहे."

"तसं नाही. खाली घ्यायची. स्प्रिंगचे दीड-दोन वेढे कापले की जमिनीला लागून चालते. सगळे करतात."

"सगळे करतात म्हणून काय? माझ्याकडे येते ती मेलेली स्प्रिंग. तिची मी सुरी करतो. जिवंत स्प्रिंगला करवत लावणं हे आपल्या घराण्यात कुणी केलेलं नाही."

"आपल्या घराण्यात गाडी तरी कुणी घेतली होती?"

अशा वेळी ते भट्टीकडे वळून उगाच कोळसा हलवतात.

पोरानं पहिल्यांदा चाकं आणली. अंदिजानच्या बाजारात हिंडहिंडून कुठल्या तरी मोठ्या गाडीची जुनी अलॉय चाकं मिळवली. ओरखडलेली, काळवंडलेली. पंधरा दिवस अंगणात बसून घासली. वहिनी म्हणायच्या, "एवढी भांडी घासली असतीस तर तुझं लग्न कधीच जमलं असतं." चाकं चांदीसारखी निघाली, फक्त मधल्या झाकण्या नव्हत्या. एके दिवशी दुपारी पोरगं झोपलेलं असताना उस्तांनी पितळेच्या पत्र्यातून चार गोल कापले, ठोकून बसते केले आणि चारींवर आपला ठसा उठवला. चंद्रकोर आणि डाळिंबाचं फूल. मी भिंतीवरून बघत होतो.

"काय उस्ता, पटली वाटतं पोराची कल्पना?"

"पटतेय कसली! लोकांना कळायला नको, हा गाढवपणा कुणाच्या घरचा आहे ते?"

त्यानंतर आठवडाभर ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपल्या घरचा गाढवपणा दाखवायला अंगणात नेत होते.

मग स्प्रिंगांची पाळी आली. एका बुधवारी इलियोरनं पुढच्या दोन्ही काढल्या, ग्राइंडर लावून दीड-दीड वेढा उडवला आणि गाडीचं नाक खाली बसवलं. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या तेव्हा उस्ता पाठ करून उभे होते, पण हातातलं ओलं फडकं मागच्या मागे पोराला देत होते. "त्यावर धर. तापली की पाणी उतरतं. पाणी उतरलं की पोलाद म्हणजे नुसती कणीक." मागच्या दोन स्प्रिंगा दुसऱ्या दिवशी करायच्या ठरल्या.

आणि त्याच दुपारी फोन आला. कोरियाची भाषापरीक्षा इलियोरनं दीड वर्षापूर्वी दिली होती आणि सगळे ती विसरूनही गेले होते. नाव लागलं होतं. अन्सान नावाच्या गावात पाइपांच्या कारखान्यात काम. गुरुवारी पहाटे ताश्कंदला निघायचं होतं.

निघताना आमच्याकडची रीत आहे. वहिनींनी तंदुरातला ताजा नान पुढे केला. इलियोरनं त्याचा एक घास तोंडानंच तोडला. तो उरलेला नान वहिनींनी ओसरीत खिळ्याला टांगला. जाणारा परत आला की तो नान त्यानंच संपवायचा असतो. तोवर घरातल्या कुणी त्याला हात लावायचा नाही. दगड झाला तरी चालेल. घास ज्याचा, नान त्याचा.

फाटकातून बाहेर पडताना इलियोर गाडीकडे वळला. नाक खाली, मागचं वर. मोठ्यानं हसला. "दादा, मागचं राहू द्या. कुणी हात लावायचा नाही. आल्यावर मी करीन."

तीन वर्षांचा करार होता. मग कारखान्यानं तो वाढवला. आता चार वर्षं होऊन गेली.

या चार वर्षांत उस्तांना कोण काय म्हणालं नाही! चायखान्यात तर गाडी दिसली की कुणीतरी ओरडायचंच, "उस्ता, तुमच्या मटीझची नमाज अजून संपली नाही का?" कुचकोर मेकॅनिकनं निदान दहा वेळा सांगून पाहिलं, "उस्ता, एक तर मागचं खाली घेतो, नाही तर पुढचं वर करतो. हे असं चालवणं म्हणजे एका पायात चप्पल घालून फिरणं." उस्ता छातीवर हात ठेवून आभार मानत आणि नाही म्हणत. एकदा जरा जास्तच आग्रह झाला तेव्हा म्हणाले, "हात लावलास तर हात तोडीन. आणि माझ्याकडे सुऱ्या आहेत."

दर रविवारी सकाळी दहाला इलियोरचा फोन येतो, चेहरा दिसतो तो फोन. आईला 'जेवलीस का' विचारून झालं की पुढचं वाक्य, "दादा, गाडी दाखवा." मग उस्ता फोन हातात धरून, चहा काठोकाठ भरलेला प्याला न्यावा तसे, गाडीभोवती फेरी मारतात. पुढून, बाजूनं, चाकांजवळ खाली वाकून. पोरगं बघत राहतं. एवढी फेरी झाली की त्याचा रविवार झाला आणि यांचाही.

आता यात माझी चूक कुठे आली ते सांगतो.

या वसंतात उस्तांची पाठ धरली. भट्टीपुढे उभी हयात गेलेली, त्यात ही गाडी. डॉक्टरांनी नमंगानकडच्या सॅनेटोरियमला दोन आठवडे चिखल लावून घ्यायला पाठवलं. वहिनी सोबत गेल्या नाहीत, गाय कुणी बघायची? आणि इकडे चायखान्यात माझ्यातला मास्तर जागा झाला. मी उभा राहून भाषण केलं. होय, उभा राहून. "आपला मित्र त्या गाडीपायी पाठीनं आडवा झाला आणि आपण इथे बसून पुलाव खातोय! हशर करू या!"

हशर म्हटलं की आमच्याकडे कुणाला घरी बसवत नाही. एकाचं छप्पर असो की विहीर, सगळ्या मोहल्ल्यानं मिळून हात लावायचा, कुणी पैसा विचारायचा नाही, शेवटी पुलाव. आमचे होशिम बोबो, मोहल्ल्याचे सगळ्यात पांढऱ्या दाढीचे, त्यांनी लगेच होकार दिला. एकटा कुचकोर चाचरला.

"मास्तर, त्यांनी मला हात तोडायची धमकी दिलीय."

"अरे, तो संकोच!" मी म्हणालो. "तुझ्या घरी पाहुणा आला आणि नको नको म्हणाला तर तू ताट उचलून ठेवतोस का?"

हे बिनतोड होतं. आमच्याकडे पहिल्या 'नको'ला शिष्टाचार समजतात, दुसऱ्या 'नको'ला लाज, आणि तिसऱ्यांदा नको म्हणाला की समजायचं, बिचारा उपाशी आहे. उस्ता चार वर्षं नको म्हणत होते. म्हणजे त्यांची केवढी इच्छा असेल!

वहिनींकडून किल्ली मागितली, 'ऑइल बदलतो' म्हणून. कुचकोरनं पुढे दोन नव्याकोऱ्या, अख्ख्या स्प्रिंगा बसवल्या. गाडी उठून उभी राहिली. आम्ही ती धुतली, पुसली, काचेत तोंड दिसेल अशी केली.

उस्ता शुक्रवारी दुपारी परत आले. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीतून उतरले आणि बघतात तो काय, तीस माणसं रांगेत, मधोमध मटीझ, आणि मागे कढईत पुलाव. होशिम बोबोंनी दुवा म्हटली. मी, खोटं कशाला सांगू, डोळे पुसले.

उस्ता गाडीपाशी आले. तिच्या पुढच्या भागावर हात ठेवायला गेले, जिथे पूर्वी ठेवायचे तिथे, पण तो भाग आता चार बोटं वर होता. हात तेवढा वर न्यावा लागला. मग त्यांनी तोच हात छातीवर ठेवला आणि तीस माणसांना, एकेकाला, नाव घेऊन धन्यवाद दिले. सगळ्यांबरोबर बसले. दोन घास पुलाव खाल्ला. त्यांच्या तोंडून वाईट शब्द आला असता तर किती बरं झालं असतं!

हात धुताना माझ्या हातावर पाणी घालत हळूच म्हणाले, "मास्तर, जुन्या स्प्रिंगा कुठायत?"

"त्या? कुचकोरनं बाजारात देऊन टाकल्या."

"कुणाला?"

मला तेव्हा कळलं, त्यांना त्याच स्प्रिंगा परत हव्या होत्या. आमच्या गावात जुनी स्प्रिंग कुणाला देतात हे मला विचारायचं, आणि तेही सुऱ्या करणाऱ्यानं!

पंगत उठल्यावर वहिनी भिंतीशी आल्या. "भावजी, चार वर्षं मी त्या गाडीला शिव्या दिल्यात. आज सरळ उभी बघितली तर वाटलं, आपल्या दारात दुसऱ्याच कुणाची तरी गाडी लागलीय."

"वहिनी, मला काय माहीत..."

"तुम्हाला माहीत नाही तेच सांगतेय. पोराला मालकानं कागद दिलाय. आणखी साडेचार वर्षं राहायचं असेल तर महिनाअखेरीला सही. हो-नाही चाललंय त्याचं. आणि परवा रविवार. मागचे दोन रविवार हे चिखलात झोपले होते, गाडी दाखवली नाही. परवा तो आधी गाडी बघणार. सरळ दिसली तर काय समजेल? म्हणेल, माझं राहिलेलं काम यांनी आवरून टाकलं. माझी वाट बघणं संपलं यांचं."

मागे ओसरीत खिळ्याला तो नान होता. एका कडेला दातांची चंद्रकोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुरीवाल्यांच्या ओळीत गेलो. सरळ उभ्या गाडीतून, एकाही स्पीडब्रेकरला न उतरता. सात वेळा गाडी अलगद गेली आणि सातही वेळा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओळीत चाळीस दुकानं. प्रत्येक दुकानी आधी चहा, मग घरच्यांची चौकशी, मग पाठीची चौकशी, मग स्प्रिंगची चौकशी. एकविसाव्या दुकानात अब्दुमुताल होता. उस्तांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण स्वतःला त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा समजणारा. त्याच्या भिंतीवर एक स्प्रिंग लटकत होती. उस्तांनी काढली, टोक उन्हाकडे धरलं. टोकाशी निळसर डाग होता.

"दोन होत्या," उस्ता म्हणाले.

"दुसरी ही." अब्दुमुतालनं ऐरणीवरून चिमट्यात धरलेलं पातं उचललं. घडवून झालेलं, अजून पाणी न दिलेलं. "पोलाद चांगलं आहे हो. पण कापलंय कसं! ग्राइंडर लावून जाळलंय टोक. कोण गाढव होतं कुणास ठाऊक."

"माझं."

"काय तुमचं?"

"गाढव."

इलियोर कुठे आहे हे ओळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. अब्दुमुतालचा स्वतःचा धाकटा भाऊ मॉस्कोत होता. त्यानं भिंतीवरची स्प्रिंग फडक्यात गुंडाळली. पातंही गुंडाळलं. "न्या, उस्ता. ठसा उठवलेला नाही मी अजून." सुरीवाल्यानं ठसा न उठवलेलं पातं म्हणजे कुणाचंच नसतं; ते तो कुणालाही देऊ शकतो. एवढं बोलून तो वळला आणि उगाच कोळसा हलवू लागला. ही सवय बहुतेक धंद्यातलीच असावी.

म्हणजे एक स्प्रिंग मिळाली. एक गेली. एका बाजूनं बसलेली आणि एका बाजूनं उभी मटीझ म्हणजे तर थट्टेची सीमाच. आम्ही कुचकोरच्या गॅरेजात आलो. त्यानं पुढच्या दोन्ही नव्या स्प्रिंगा खोलून जमिनीवर ठेवल्या. बातमी पसरली होती. हशरची तीसच्या तीस माणसं पुन्हा जमली, या वेळी माना खाली घालून.

उस्तांनी इलियोरची स्प्रिंग आणि एक नवी शेजारी शेजारी उभी केली. सुतळीनं मोजली. खडूनं खूण केली. दीड वेढा.

"द्या इकडे," कुचकोर ग्राइंडर घेऊन आला. "दोन मिनिटांत उडवतो."

"नको. पाणी उतरेल. करवत आण."

"उस्ता, स्प्रिंगचं पोलाद आहे! करवतीचे दात पडतील!"

"पडू देत. तुझे आहेत का?"

दात पडले. पहिलं पातं बोथट झालं, दुसरं तुटलं, तिसरं बोथट झालं. उस्ता वाकून कापत होते, ते चिखल लावून आणलेलं दुखणं घेऊन, आणि मी लोखंडी शेगड्याच्या जबड्यात आवळून धरलेल्या स्प्रिंगवर पाणी सोडत होतो. पाणी संपलं तेव्हा किटलीतला गार झालेला हिरवा चहा ओतला. होशिम बोबोंना तो चहा वाया गेल्याचं वाईट वाटलं. एकदा उस्ता थांबले. घाम पुसून सगळ्यांकडे पाठ केली.

"त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा जिवंत स्प्रिंग कापतोय. बघू नका माझ्याकडे."

तीस माणसं वळून भिंतीकडे बघायला लागली. सातव्या पात्याला तुकडा पडला.

संध्याकाळपर्यंत मटीझचं नाक पुन्हा जमिनीला लागलं. डावीकडे पोराची स्प्रिंग, उजवीकडे बापाची. आम्ही लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, कुचकोरनं झोपून पाहिलं. तंतोतंत. होशिम बोबो म्हणाले, "आता देवालाही फरक कळायचा नाही." आणि लगेच क्षमाही मागितली, देवाची.

रविवारी दहाला मीही त्यांच्या अंगणात होतो. फोन वाजला. इलियोरचा चेहरा आला. गालफडं बसलेली, मागे लोखंडी पलंग, दोरीवर वाळत घातलेले मोजे.

"आई, जेवलीस का?"

"जेवले. तू?"

"जेवलो. पाठ कशी आहे, दादा? बरं, गाडी दाखवा."

उस्ता निघाले. भरलेला प्याला. पुढून, डावीकडून, मागून, उजवीकडून.

"थांबा," इलियोर म्हणाला. "मागे या. जरा खाली... दादा, उजवीकडची वर का आहे?"

"वर कुठे?"

"अर्धं बोट वर आहे."

तीस माणसांना आणि खाली झोपून पाहणाऱ्या मेकॅनिकला जे दिसलं नाही, ते अन्सानहून हाताच्या पंजाएवढ्या काचेतून त्या पोराला दिसलं. उस्तांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, आणि भाषण केलं तसंच उभ्यानं सगळं कबूल केलं. हशर, कुचकोर, अब्दुमुताल, सगळं.

तो आधी हसला. "सर, तुम्ही? तुम्ही मला रसायनशास्त्रात नापास केलंत ना, तेव्हाही एवढा धक्का बसला नव्हता!"

"तू तेव्हा आम्लाच्या बाटलीत..."

"असू दे, सर. उजवी कुणी कापली?"

उस्ता म्हणाले, "मी."

"तुम्ही? ग्राइंडरनं?"

"करवतीनं. पाणी उतरलेलं नाही. निळं नाही पडलं कुठे. तुझ्यासारखं नाही."

फोनमधला चेहरा बाजूला झाला. बराच वेळ नुसते मोजे दिसत राहिले. मग तो परत आला तेव्हा नाक लाल होतं. "मापात चूक नाही, दादा. माझी चार वर्षं दबलीय, तुमची नवी आहे. तीही बसेल."

"किती दिवस लागतात?"

"रोज चालवली तर वर्षभर. दादा, मागच्या दोघींना हात लावू नका हं."

"नाही. तू आलास की दोघं मिळून कापू."

"दोघं?"

"माझा हात बसलाय आता."

वहिनींनी फोन आपल्याकडे घेतला आणि पुन्हा विचारलं, "जेवलास ना रे?" तेव्हा तो म्हणाला, "आई, त्या कागदावर मी अजून सही केलेली नाही." कुणी त्याला विचारलं नव्हतं.

महिनाअखेर आली आणि गेली. त्यानं सही केली नाही. पण येतो असंही म्हटलं नाही. मालकाला म्हणाला म्हणे, हिवाळ्यात, चालू करार संपेल तेव्हा सांगतो. जर्दाळू संपले, खरबुजं आली. अब्दुमुतालनं दिलेलं ते पातं ओसरीत नानखालच्या फळीवर आहे, बिनपाण्याचं आणि बिनठशाचं. नानवरची धूळ वहिनी कोंबडीच्या पिसानं झटकतात.

परवा शुक्रवारी आम्ही बाजारातून परतत होतो. निघण्याआधी उस्तांनी रोजच्यासारखं उजव्या चाकाच्या वरच्या फटीत बोट घालून पाहिलं. दोन महिने हे चाललंय. "बसतेय, मास्तर. पाव बोट राहिलंय." गाडी निघाली. पहिला स्पीडब्रेकर आला तसा मी सवयीनं दाराच्या कडीला हात घातला.

"बसा."

"उस्ता, घासेल."

"घासू दे. उजवीकडे तुम्हीच बसता. तुमच्या वजनानं लवकर बसेल."

आणि मागच्या सीटवरचं मोठं खरबूज उचलून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. मग दुसरंही ठेवलं. खर्रकन आवाज झाला.

"माफ कर गं बाई," उस्ता म्हणाले. अजून सहा होते.